चित्रासाठी सोडलेली जागा

पुस्तकाच्या पानावर मजकूर आणि चित्र शेजारी शेजारी असतात. त्यामुळे दोन्ही एकाच रीतीने कागदावर उतरली असावीत, असे पाहणाऱ्यास सहज वाटते. वस्तुतः मुद्रणाच्या इतिहासात अक्षर आणि चित्र यांचे मार्ग बहुधा वेगळेच राहिले आहेत. शिशाच्या खिळ्यांचे युग होते तेव्हा जुळारी एकेक खिळा उचलून ओळ जुळवीत असे. चित्र मात्र त्याच्या हातून घडत नसे. दुसराच कारागीर ते जस्ताच्या पत्र्यावर तेजाबाच्या साहाय्याने उठवीत असे. मग तो पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून त्याची उंची खिळ्याच्या उंचीइतकी, म्हणजे एक इंचाहून किंचित कमी, करून घेत. छापखान्यात या ठोकळ्याला ‘ब्लॉक’ म्हणत. जुळाऱ्याला ब्लॉकविषयी दोनच गोष्टी ठाऊक असणे पुरेसे होते : त्याची लांबी आणि त्याची रुंदी. तेवढी जागा सोडून तो मजकूर जुळवी. ब्लॉकवर हत्ती आहे की आगबोट आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसे. रंगाचे काम तर याहून कठीण. दुसरा रंग हवा असेल तर त्या रंगातील भागाचा वेगळा फर्मा बांधावा लागे आणि तोच कागद पुन्हा एकदा यंत्रातून काढावा लागे. कागद केसभर सरकला तरी रंग रेषेबाहेर जाई.

संगणक आला आणि ही अडचण एकदम नाहीशी झाली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती पूर्णपणे खरी नाही. संगणकावर अक्षरजुळणी करणाऱ्या एका अत्यंत नावाजलेल्या प्रणालीला चित्र म्हणजे काय हे मुळीच कळत नाही. रंग म्हणजे काय, हेही कळत नाही. तरीसुद्धा तिने जुळवलेली सचित्र आणि रंगीत पुस्तके जगभर छापली जातात. हे कसे साधते, ते पाहण्यासारखे आहे.

या प्रणालीचे नाव ‘टेख’. नावातील तीन अक्षरे ग्रीक आहेत : टाऊ, एप्सिलॉन आणि खी. कला आणि कारागिरी या दोन्ही अर्थी जो एक जुना ग्रीक शब्द आहे, त्याच्या आरंभीची ही अक्षरे होत. शेवटचे अक्षर ‘खी’ असल्यामुळे उच्चार ‘टेख’च्या जवळ जातो, बोलण्यात मात्र सर्वत्र ‘टेक’ असेच म्हणतात. तिचे कर्ते डोनाल्ड कनूथ हे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील गणिती व संगणकशास्त्रज्ञ. त्यांचा जन्म १९३८ सालचा. संगणकाला आज्ञा कशा लिहाव्यात या विषयावर त्यांनी एक मोठा ग्रंथ अनेक खंडांत लिहावयास घेतला होता. त्याचा पहिला खंड १९६८ साली प्रसिद्ध झाला. आरंभीचे खंड शिशाच्या खिळ्यांनी जुळवलेले होते आणि त्यांतील गणिताची पाने मोठी देखणी होती. पुढे दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती काढण्याचे ठरले. तोपर्यंत छापखान्यांतून शिसे हद्दपार होऊ लागले होते आणि छायाचित्रणाच्या तंत्राने अक्षरजुळणी होत होती. १९७७ साली नव्या आवृत्तीची मुद्रिते कनूथ यांच्या हाती आली. ती इतकी ओबडधोबड होती की आपला ग्रंथ या रूपात लोकांपुढे जावा हे त्यांना सहन होईना. अक्षर काय किंवा ठिपका काय, शेवटी शून्य आणि एक या अंकांचाच खेळ असेल, तर तो आपल्याला का जमू नये, असा विचार करून त्यांनी लेखन बाजूस ठेवले आणि अक्षरजुळणीची प्रणाली स्वतःच रचावयास घेतली. काम थोडक्या महिन्यांत आटोपेल असा त्यांचा अदमास होता. प्रत्यक्षात त्यात सुमारे दहा वर्षे गेली.

टेखचा मूळ विचार अगदी साधा आहे. तिच्या दृष्टीने प्रत्येक अक्षर ही एक चौकट होय. चौकटीला रुंदी असते, ओळीच्या रेघेच्या वरची उंची असते आणि रेघेच्या खालची खोली असते. अक्षरांच्या चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे शब्द होतो. शब्दांच्या मध्ये लवचीक जागा ठेवल्या म्हणजे ओळ होते. त्या जागा गरजेप्रमाणे ताणता येतात वा आकसता येतात. ओळ ही पुन्हा एक मोठी चौकट. ओळींच्या चौकटी एकाखाली एक रचल्या म्हणजे पान होते आणि तेही एक चौकटच. चौकटीच्या आत काय रेखाटले आहे हे टेख कधीही पाहत नाही. ‘क’ची आकृती कशी दिसते, हे तिला ठाऊक नसते, ‘क’ किती रुंद आहे, एवढेच ठाऊक असते. मोजमाप मात्र ती इतक्या बारकाईने करते की ऐकणाऱ्याने थक्क व्हावे. मुद्रणातील ‘पॉइंट’ हे माप आधीच लहान, ७२.२७ पॉइंट मिळून एक इंच होतो. या एका पॉइंटचे टेख ६५,५३६ भाग करते. तिचा हा सर्वांत लहान भाग दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे शंभराव्या हिश्शाइतका असतो.

मूळ टेखला सुमारे तीनशे आज्ञा कळतात. त्यांच्या आधाराने रचलेल्या आणखी सहाशे आज्ञा कनूथ यांनी सोबत दिल्या. या सर्वांना मिळून ‘प्लेन टेख’, म्हणजे साधी टेख, असे म्हणतात. नऊशे हा आकडा मोठा वाटेल. परंतु या आज्ञांनी कागदावर काळे करावयाचे म्हटले तर दोनच गोष्टी करता येतात. एक, अक्षर ठेवणे. आणि दुसरी, भरीव आयत ठेवणे. आयत अरुंद केला की त्याची रेघ होते. मात्र ती आडवी किंवा उभीच असावी लागते. तिरकी रेघ नाही, वर्तुळ नाही, वक्ररेषा तर नाहीच. भूमितीच्या पुस्तकातला साधा त्रिकोणसुद्धा या सामग्रीतून काढता येत नाही.

मग लोकांनी युक्त्या शोधून काढल्या. अक्षरेच ठेवता येतात ना? तर तिरक्या रेघांचे लहान तुकडे आणि वर्तुळाचे चतुर्थांश हीच अक्षरे मानून त्यांचा एक अक्षरसंच करावयाचा आणि ते तुकडे एकापुढे एक ठेवून आकृती बनवावयाची. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात टेखवर उभारलेल्या ‘लेटेख’ या व्यवस्थेत हाच मार्ग होता. तुकडे ठरावीक कलांचेच असल्याने वाटेल त्या कोनातली रेघ काही त्यातून निघत नसे. मायकेल विचुरा यांच्या ‘पिकटेख’ने दुसरी वाट धरली. त्यात वक्ररेषा म्हणजे एकमेकांना चिकटून ठेवलेल्या बारीक ठिपक्यांची रांग असे. रेषा हवी तशी वळे खरी, पण एका आकृतीला हजारो ठिपके लागत आणि त्या काळच्या संगणकाची स्मृती त्यांच्या ओझ्याखाली दबून जाई. खुद्द कनूथ यांनीही १९८७ साली असा एक प्रयोग प्रसिद्ध केला. फिकट ते गडद अशा निरनिराळ्या छटांच्या ठिपक्यांचा त्यांनी अक्षरसंच केला आणि छायाचित्र जणू मजकूर आहे अशा रीतीने ते ओळीमागून ओळ ‘जुळवून’ दाखवले. या साऱ्या कसरती कौतुकास्पद आहेत. तथापि रोजच्या कामाला त्या पुरेशा नव्हत्या.

खरी वाट कनूथ यांनी आधीच मोकळी ठेवली होती. तीनशे मूळ आज्ञांत ‘स्पेशल’ नावाची एक आज्ञा आहे. तिचे काम विलक्षण आहे, कारण ती स्वतः काहीच करीत नाही. लेखकाने तिच्यापुढे महिरपी कंसात जो मजकूर लिहिला असेल, तो टेख जसाच्या तसा पुढे पाठवते. त्याचा अर्थ ती लावीत नाही. टपालवाला जसा बंद लिफाफा न फोडता पत्त्यावर पोचवतो, तसाच हा प्रकार होय.

लिफाफा कोणाला पोचवावयाचा, हे समजण्यासाठी टेखच्या कामाचा शेवट पाहिला पाहिजे. टेख स्वतः छपाई करीत नाही. पाने जुळवून झाली की ती ‘डीव्हीआय’ नावाची एक धारिका तयार करते. ‘येथून इतके उजवीकडे जा, इतके खाली जा, अमुक अक्षर ठेव, अमुक मापाचा आयत ठेव’ अशा बारीक सूचनांनी ही धारिका भरलेली असते. तिच्यात कोणत्याही विशिष्ट यंत्राचा उल्लेख नसतो. ती वाचून प्रत्यक्ष मुद्रणयंत्राला समजेल अशा भाषेत उतरवणारा कार्यक्रम वेगळा असतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. स्पेशल आज्ञेचा लिफाफा फोडतो तो हा ड्रायव्हर. त्याला चित्र काढता येत असेल तर चित्र निघते. रंग ठाऊक असेल तर रंग उमटतो. आणि काहीच कळत नसेल तर तो लिफाफा बाजूस टाकून पुढे जातो.

चित्रांना खरा आधार मिळाला तो ‘पोस्टस्क्रिप्ट’ या भाषेमुळे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के यांनी १९८२ साली स्थापन केलेल्या अडोबी या संस्थेने ही भाषा १९८४ साली बाजारात आणली, आणि पुढल्याच वर्षी ती समजणारे मुद्रणयंत्र सामान्य कार्यालयांत दिसू लागले. पोस्टस्क्रिप्टला रेषा, वक्र, रंग, छायाचित्र सारे काही कळते. टॉमस रोकिकी यांनी ‘डीव्हीआयपीएस’ नावाचा ड्रायव्हर लिहिला. तो टेखची पाने पोस्टस्क्रिप्टमध्ये उतरवतो. दोघांची मोजण्याची रीतही उलट आहे. टेखचा आरंभबिंदू पानाच्या डाव्या व वरच्या कडेपासून एकेक इंच आत असतो आणि तेथून ती खाली मोजत जाते. पोस्टस्क्रिप्टचा आरंभबिंदू डाव्या खालच्या कोपऱ्यात असतो आणि ती वर मोजत जाते. हा मेळ ड्रायव्हरने घालावयाचा असतो.

आता प्रश्न असा की चित्र पानावर बसवताना टेखने किती जागा सोडावी? चित्र तर तिला दिसत नाही. यावर तोडगा म्हणून पोस्टस्क्रिप्ट चित्राच्या धारिकेत एक ओळ लिहिण्याचा प्रघात पडला. तिला ‘बाउंडिंग बॉक्स’ म्हणतात. या ओळीत चार आकडे असतात. पहिले दोन चित्राचा डावा खालचा कोपरा सांगतात आणि पुढचे दोन उजवा वरचा कोपरा. माप इंचाच्या बहात्तराव्या भागांत असते. समजा, ते आकडे ०, ०, ३६०, २१६ असे आहेत. ३६० ला ७२ ने भागले म्हणजे रुंदी ५ इंच निघते. २१६ ला ७२ ने भागले म्हणजे उंची ३ इंच. पानावर अडीच इंच रुंद चित्र हवे असेल, तर उंची दीड इंच ठेवावी लागेल, हे त्रैराशिकाने लगेच कळते.

रोकिकी यांनी साध्या टेखसाठी लिहिलेल्या आज्ञांचा छोटा संच नेमके हेच करतो. तो चित्राची धारिका उघडतो, ओळीमागून ओळ वाचत बाउंडिंग बॉक्सची ओळ सापडेपर्यंत जातो, आकडे उचलतो आणि धारिका मिटतो. नंतर हव्या त्या मापाची एक रिकामी चौकट पानावर ठेवतो आणि त्या चौकटीत स्पेशल आज्ञेचा लिफाफा घालतो : ‘हे ड्रायव्हरा, या ठिकाणी अमुक चित्र अमुक रुंदीचे करून बसव.’ गंमत अशी की मूळ टेखला अपूर्णांकांचा भागाकारही सरळ येत नाही. म्हणून चित्र लहान-मोठे करण्याचे ते साधे त्रैराशिक या संचाला दुप्पट-निमपट करीत पायरीपायरीने सोडवावे लागते. चित्राच्या धारिकेत ती एक ओळ नसेल किंवा तिच्यातले आकडे चुकीचे असतील, तर मात्र अनर्थ होतो. जागा सुटते वीतभर आणि चित्र येते हातभर. ते वरच्या मजकुरावर चढून बसते आणि टेखला याचा पत्ताही लागत नाही.

रंगाची गोष्ट वेगळी आहे. रंगाला जागा लागत नाही. ‘आता येथून तांबडे’ एवढाच निरोप ड्रायव्हरला द्यावयाचा असतो. निरोपात रंग आकड्यांनी सांगतात. प्रकाशाच्या हिशेबाने सांगावयाचा तर तांबडा, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांचे प्रमाण शून्य ते एक या आकड्यांत देतात. शुद्ध तांबडा म्हणजे १, ०, ०. काळा म्हणजे तिन्ही शून्य, कारण प्रकाशच नाही; पांढरा म्हणजे तिन्ही एक. शाईच्या हिशेबात याच्या उलट विचार करावा लागतो. शाई प्रकाश देत नाही, ती पांढऱ्या कागदावरून परतणाऱ्या प्रकाशातला काही भाग गिळते. म्हणून छपाईसाठी आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शायांचे प्रमाण सांगतात. तेथे तांबडा रंग ०, १, १, ० असा लिहितात. म्हणजे किरमिजी आणि पिवळी शाई पूर्ण, बाकीच्या मुळीच नाहीत. आकडे लक्षात ठेवण्याचा कंटाळा येईल म्हणून जेम्स हाफनर यांनी साध्या टेखसाठी अडुसष्ट रंगांना नावे देऊन ठेवली.

रंग सुरू करणे सोपे. तो थांबवणे अवघड. एका तांबड्या वाक्यात एकच शब्द निळा हवा असेल, तर त्या शब्दानंतर कोणत्या रंगाकडे परतावयाचे? काळ्याकडे नव्हे, तांबड्याकडे. यासाठी ड्रायव्हर रंगांची चळत ठेवतो. स्वयंपाकघरात ताटांची चळत असते तशीच ही. नवा रंग आला की तो चळतीवर ठेवावयाचा. त्याचे काम झाले की वरचा काढून घ्यावयाचा. खाली जो उघडा पडेल, तो चालू रंग. ठेवण्याच्या आज्ञेला ‘पुश’ आणि काढण्याच्या आज्ञेला ‘पॉप’ म्हणतात. जितके पुश तितके पॉप, हा हिशेब चुकला की उरलेले सारे पुस्तक तांबडे होते.

हिशेब अचूक असूनही एक घोटाळा होतो. टेख आधी परिच्छेदाच्या ओळी पाडते आणि पान कोठे तोडावयाचे हे नंतर ठरवते. तांबडे वाक्य चौथ्या पानाच्या तळाशी सुरू होऊन पाचव्या पानावर संपत असेल, तर ‘पुश’चा निरोप चौथ्या पानावर जातो आणि ‘पॉप’चा पाचव्यावर. दोहोंच्या मध्ये काय असते? चौथ्या पानाच्या तळाचा पृष्ठांक आणि पाचव्या पानाच्या माथ्यावरचे शीर्षक. लेखकाने त्यांना रंग दिलेला नसतो. तरी तेही तांबडे होतात. यावरचा उपाय असा की पृष्ठांक व शीर्षक यांच्याभोवती काळ्या रंगाचे स्वतःचे पुश-पॉप घालून ठेवावयाचे. मग चळतीवर तांबड्याच्या वर काळा येतो, शीर्षक काळे उमटते आणि काळा काढला की तांबडा पुन्हा जागेवर असतो. ड्रायव्हरलाही येथे सावध राहावे लागते. पुष्कळदा पाने शेवटापासून आरंभाकडे अशा उलट क्रमाने छापतात, म्हणजे छापलेला गठ्ठा आपोआप सरळ लागतो. पाचवे पान आधी छापावयाचे तर त्याच्या आरंभी कोणता रंग चालू होता, हे चौथे पान वाचल्याशिवाय कळणार कसे? म्हणून डीव्हीआयपीएस आधी सर्व पानांवरून एकदा धावती नजर टाकते, प्रत्येक पानाच्या आरंभीची चळत टिपून ठेवते आणि मगच छपाईला लागते.

पोस्टस्क्रिप्टचा रंग अपारदर्शक असतो. शीर्षकाच्या मागे पिवळा पट्टा हवा असेल, तर पट्टा आधी ठेवला पाहिजे आणि अक्षरे नंतर. क्रम उलटला तर पट्टा अक्षरे झाकून टाकतो. एकावर एक ठेवण्याची सोय टेखमध्ये आहे. एखादी चौकट प्रत्यक्षात रुंद असूनही ‘हिची रुंदी शून्य समज’ असे टेखला सांगता येते. मग ती पुढची चौकट त्याच जागी ठेवते. चौकटीच्या आत न पाहण्याचा तिचा स्वभाव येथे उपयोगी पडतो.

रंगाचा निरोप दोन अक्षरांच्या मध्ये आला, तर त्यांची जवळीक तुटते, ही आणखी एक अडचण आहे. रोमन लिपीत ‘ए’ आणि ‘व्ही’ ही मोठी अक्षरे शेजारी आली की त्यांच्या तिरक्या बाजू जुळाव्यात म्हणून टेख त्यांना थोडे जवळ ओढते. मध्ये लिफाफा असेल, तर ओढत नाही. देवनागरीत हे अधिक जाणवते. डीव्हीआय धारिकेच्या दृष्टीने ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ ही अक्षरसंचातील एकेक अखंड आकृती असते. तिच्या आत निरोप शिरू शकत नाही. ‘क्ष’ तांबडा करावयाचा तर सगळा करावा लागतो. टेखसाठी देवनागरीचा पहिला सर्वपरिचित संच हॉलंडमधील ग्रोनिंगन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ साली तयार केला. अ, झ, ण ही अक्षरे मुंबईकडे एका वळणाने आणि कलकत्त्याकडे दुसऱ्या वळणाने काढीत. त्या संचात दोन्ही वळणे ‘मुंबई’ आणि ‘कलकत्ता’ याच नावांनी ठेवलेली आहेत. रोमन अक्षरांत लिहिलेला मजकूर आधी एका वेगळ्या कार्यक्रमातून काढला की त्याची देवनागरी अक्षरे होतात आणि मग तो टेखकडे जातो.

चित्रांच्या आज्ञांविषयी कालांतराने एखादी सर्वमान्य रीत ठरेल, अशी कनूथ यांची अपेक्षा होती. अनेक वर्षे तसे झाले नाही. ज्याने त्याने आपला ड्रायव्हर लिहिला आणि आपल्या लिफाफ्याची भाषा स्वतःच ठरवली. एका ड्रायव्हरसाठी सिद्ध केलेला लेख दुसरीकडे पाठवला की मजकूर जसाच्या तसा उतरे, ओळ न् ओळ त्याच जागी तुटे. चित्रांच्या जागी मात्र कोऱ्या चौकटी दिसत. मग टेखमध्येच चित्रांची व रंगांची सोय करा, असा आग्रह होणे स्वाभाविक होते. कनूथ यांनी तो मानला नाही. १९९० साली त्यांनी जाहीर केले की टेखमध्ये यापुढे कोणतीही भर घातली जाणार नाही; चुका आढळल्या तर तेवढ्या दुरुस्त होतील. कोणाला वेगळे काही करावयाचे असेल, तर त्याने आपल्या प्रणालीला दुसरे नाव द्यावे. चूक दाखवून देणाऱ्यास ते बक्षीसही देत. ती रक्कम वर्षावर्षाला दुप्पट होत शेवटी ३२७.६८ डॉलरवर स्थिरावली. या निर्णयाला हटवादीपणा म्हणणारे लोक होते आणि आहेत. परंतु त्या वेळी लिहिलेले गणिताचे पुस्तक आजच्या संगणकावर जुळवले तरी त्याच ओळी त्याच शब्दांवर तुटतात, हे त्या निर्णयाचेच फळ आहे. संगणकाच्या जगात इतकी वर्षे एकसारखी टिकलेली गोष्ट विरळा.

दुसऱ्या नावाने काम करणारे पुढे आले. व्हिएतनामचे हान थे थान्ह हे चेक देशातील ब्रनो येथील मासारिक विद्यापीठात शिकत असताना त्यांनी ‘पीडीएफटेख’ घडवली. ती डीव्हीआय धारिकेच्या मधल्या पायरीवाचून थेट ‘पीडीएफ’ स्वरूपाची पाने देते आणि चित्रासाठी तिच्याजवळ स्वतःच्या आज्ञा आहेत. जॉन हॉबी यांनी कनूथ यांच्याच अक्षरे घडवण्याच्या ‘मेटाफाँट’ या भाषेवरून ‘मेटापोस्ट’ ही आकृत्या काढण्याची भाषा तयार केली. पुढे स्वतः कनूथही आपल्या तांत्रिक आकृत्यांसाठी तीच वापरू लागले.

जुन्या पुस्तकांतील कोऱ्या राहिलेल्या चौकटींचे काय झाले? ज्या लेखकांनी प्रत्येक चित्राच्या ठिकाणी ड्रायव्हरचा निरोप हाताने लिहिला होता, त्यांना नव्या ड्रायव्हरसाठी पुस्तकातील एकेक जागा शोधून दुरुस्त करावी लागली. काहींनी मात्र आरंभीच ‘चित्र’ अशी आपली स्वतःची आज्ञा घडवली होती, ड्रायव्हरचा निरोप तिच्या व्याख्येत एकदाच लिहिला होता आणि पुढे सगळीकडे त्याच आज्ञेचे नाव घेतले होते. त्यांनी व्याख्येतील ती एक ओळ बदलली आणि पुस्तकातील सर्व चित्रे आपापल्या जागी परत आली.